बुधवारी मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि दहाव्या दिवशी पुण्याचे मित्र मुक्कामाला: काय करावं?

काका, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर लगेच कळेल. तुमचं वय ६९. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. पाचपाखाडीत तिसऱ्या मजल्यावर तुम्ही आणि काकू दोघंच राहता. बारा वर्षांपासून मधुमेह आहे. प्रोस्टेटसाठी रोज रात्री एक गोळी आणि हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी एक गोळी चालू आहे. कॉलेजपासून दोन्ही डोळ्यांना उणे साडेतीनचा चश्मा आहे. त्यातला उजव्याचा नंबर दोन वर्षांत उणे सहावर गेला. त्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन बुधवारी ठरलंय आणि त्यानंतर दहाव्या दिवशी, म्हणजे पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी, पुण्याचे तीन जुने मित्र दोन रात्रींसाठी येणार आहेत. पत्ते, पेटी, गाणी, तुमच्या हातची मिसळ हा दरवर्षीचा ठरलेला बेत. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: मित्रांना नको म्हणू का, भिंग कुठलं घेऊ आणि आधी काय तयारी करू.

मित्रांना नको म्हणू नका. येऊ द्या. गेली ३१ वर्षं मी ठाण्यात हीच ऑपरेशनं करते आहे. घरात चार माणसं आहेत म्हणून डोळा बिघडला, असं माझ्या पाहण्यात नाही. डोळा बिघडतो तो थेंब चुकल्यामुळे, माळ्यावरून गादी ओढल्यामुळे, किंवा दुखायला लागलेलं असताना ‘पाहुणे गेले की दाखवू’ म्हणून दोन दिवस काढल्यामुळे. या तिन्हींची सोय आधी करून ठेवता येते. पण त्याआधी तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर थांबते, कारण तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटली.

ती प्रोस्टेटची गोळी. नाव तुम्ही लिहिलेलं नाही. पाकिटावर टॅमसुलोसिन किंवा सिलोडोसिन असं काही छापलेलं असेल, तर ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना ते आजच कळवा. ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर झोपल्यावर सांगून उपयोग नाही. ही औषधं लघवीच्या मार्गातले स्नायू सैल करतात, म्हणून लघवीला सुलभ होतं. तसाच स्नायू डोळ्यातल्या बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यातही असतो आणि बाहुली मोठी करण्याचं काम तो करतो. तो सैल पडला की ऑपरेशन चालू असताना बाहुली आक्रसते, तो पडदा ओल्या फडक्यासारखा लुळा पडून चिरेकडे यायला लागतो. मोतीबिंदूकडे जायचा रस्ता त्या बाहुलीतूनच आहे, त्यामुळे रस्ताच अरुंद होतो.

माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका आजोबांच्या डोळ्यात हे अचानक घडलं होतं. पंधरा मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागला. नंतर त्यांची दृष्टी चांगली आली, पण त्या पाऊण तासात माझ्या हातांना फुटलेला घाम मी विसरलेले नाही. असं का झालं, ते तेव्हा आम्हाला कुणालाच कळलं नव्हतं. २००५ मध्ये डेव्हिड चँग आणि जॉन कॅम्पबेल या अमेरिकेतल्या दोन शल्यचिकित्सकांनी या गोळीशी असलेला संबंध दाखवून दिला, तेव्हा मी जुनी फाइल काढून पाहिली. आजोबांच्या औषधांच्या यादीत ती गोळी होती.

आता आधी माहीत असेल तर डॉक्टर वेगळं औषध वापरतात, बाहुली उघडी धरणारी छोटी कडी हाताशी ठेवतात, आणि काम नीट होतं. तुम्ही मात्र गोळी मनाने बंद करू नका. हा परिणाम गोळी सोडल्यावरही बराच काळ राहतो, त्यामुळे चार दिवस आधी सोडून काही साधत नाही. उलट लघवी अडकायची भीती. ही गोळी पूर्वी कधी घेत होतात आणि आता बंद आहे, तरीही सांगायचं.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीचं याच्या उलट होतं. ती सांगायला कुणी विसरत नाही; शेजारच्या कुणीतरी सांगितलं म्हणून लोक ती परस्पर बंद करून येतात. आजचं ऑपरेशन बहुतेक वेळा डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकून होतं आणि चीर बुबुळाच्या पारदर्शक भागातून, साधारण अडीच मिलिमीटरची असते. त्या भागात रक्तवाहिन्याच नसतात. म्हणून बहुतेकांना गोळी बंद करावी लागत नाही, आणि ती बंद केल्याने हृदयाला होणारा धोका डोळ्यापेक्षा मोठा. इंजेक्शनची भूल द्यायची असेल तर डॉक्टर वेगळा विचार करतील. निर्णय त्यांचा आणि तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांचा.

साखरेचं म्हणाल तर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी आताच करून घ्या. ती फार वाढलेली असेल तर तारीख पुढे गेली तरी वाईट वाटून घेऊ नका. ऑपरेशनच्या सकाळी नाश्ता करायचा का आणि साखरेची गोळी घ्यायची का, हे लिहून मागा. उपाशीपोटी साखरेची गोळी घेऊन, घाम फुटलेल्या अवस्थेत दारात आलेले पेशंट मी पाहिले आहेत. आणि डोळ्याच्या मागच्या पडद्याचा स्कॅन झालाय का, ते विचारा. बारा वर्षांच्या मधुमेहात पडद्याला सूज असू शकते. ती आधी कळली तर तिच्यावर उपचार करता येतात, आणि भिंगाची निवडही तिच्यावर अवलंबून असते.

आता भिंग. तुम्ही लिहिता की समुपदेशक बाईंनी तीन किमतींची तीन पाकिटं समोर ठेवली आणि ‘सगळ्यात चांगलं हे’ असं सांगितलं. सगळ्यांसाठी सगळ्यात चांगलं असं भिंग नसतं. भिंग कुठल्या माणसाच्या कुठल्या दिवसासाठी आहे, यावर ते चांगलं की वाईट ठरतं.

डोळ्यात कृत्रिम भिंग बसवण्याची कल्पना सुचली तीसुद्धा रोजच्या कामातल्या बारीक निरीक्षणातून. दुसऱ्या महायुद्धात ज्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेसारख्या प्लास्टिकचे कण शिरले होते, त्यांच्या डोळ्यांनी ते कण सहन केले, हे हॅरल्ड रिडली या ब्रिटिश नेत्रतज्ज्ञांच्या लक्षात आलं. १९४९ मध्ये त्यांनी लंडनला त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. आज भिंग घडी घालून त्या अडीच मिलिमीटरच्या चिरेतून आत जातं आणि आत उलगडतं. पण त्याची ताकद किती ठेवायची, हे डोळ्याची लांबी आणि बुबुळाची गोलाई मोजून ठरवावं लागतं. लांबीत एक मिलिमीटरची चूक झाली तर चश्म्याचा नंबर अडीच-तीनने चुकतो. म्हणून मोजणी घाईत नको. डोळे कोरडे असतील, चुरचुरत असतील तर आधी ते सांगा. कोरड्या डोळ्याची गोलाई नीट मोजली जात नाही.

तुम्ही उणे साडेतीनवाले आहात, हे फार महत्त्वाचं आहे. आयुष्यभर तुम्ही दूरचं पाहायला चश्मा लावलात आणि पेपर वाचायला काढलात. बरोबर ना? सकाळी चहाबरोबर चश्मा कपाळावर सारून पेपर वाचणं ही तुमची पन्नास वर्षांची सवय असणार. भिंग दूरच्या हिशेबाने बसवलं की दूरचं विनाचश्मा लख्ख दिसेल, बसच्या पाट्या वाचाल, पण हातातला पेपर चश्म्याशिवाय दिसणार नाही. ज्यांना जन्मभर वाचायला चश्मा लागला त्यांना यात काहीच गमावल्यासारखं वाटत नाही. लहानपणापासून उणे नंबर असलेल्या माणसाला मात्र ‘माझं वाचन गेलं’ असं वाटतं. हे आधी न बोलल्यामुळे, ऑपरेशन उत्तम होऊनही नाराज झालेली माणसं माझ्यासमोर बसली आहेत. त्यांची नाराजी खरी होती.

म्हणून एका कागदावर तुमचा दिवस लिहून काढा. पेपर साधारण ४० सेंटिमीटरवर धरता. तिथे विनाचश्मा दिसायचं तर डोळा उणे अडीचच्या आसपास ठेवावा लागतो. पेटीसमोरची वही ६०-६५ सेंटिमीटरवर असते, तिला उणे दीड पुरतं. पत्ते या दोन्हींच्या मध्ये. टीव्ही आणि रस्ता दूरचे. हा कागद डॉक्टरांच्या हातात द्या आणि विचारा, ‘मला जवळचं विनाचश्मा ठेवून दूरसाठी चश्मा लावायला चालेल, तसं भिंग ठेवता येईल का?’ साध्या, एकाच अंतरासाठीच्या भिंगात हे करता येतं आणि त्याला जास्त पैसे पडत नाहीत. दोन्ही डोळ्यांत थोडा फरक ठेवून एक दूरला, एक जवळला असंही करतात. पण ते ज्याला सोसतं त्यालाच.

दूर-जवळ दोन्ही दाखवणारी महागडी भिंगं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. मी स्वतः ती बसवते. पण ती प्रकाश वाटून घेतात, त्यामुळे मंद उजेडात अक्षर थोडं फिकं वाटतं आणि रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतात. मागचा पडदा ठणठणीत असेल तर बहुतेक लोक ते सोसतात. मधुमेहाने पडद्यावर आत्ता किंवा पुढे परिणाम होण्याची शक्यता असलेल्या डोळ्यात मी ती बसवायला कचरते. तुमच्या जागी माझे वडील असते तर साधं, चांगल्या दर्जाचं भिंग घेतलं असतं आणि जवळचं वाचन राखलं असतं. विम्याची मर्यादा किती आहे तेही आधी विचारा. अनेक पॉलिसींत मोतीबिंदूसाठी वेगळी वरची मर्यादा आणि प्रतीक्षा-कालावधी असतो. तुमचे मित्र सत्तरी ओलांडलेले असतील तर त्यांना सांगा: ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्यांना उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं आणि त्यात कुटुंबातल्या सत्तरीवरच्यांना मिळून वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार आहेत. आपलं रुग्णालय त्या यादीत आहे का, तेवढं विचारायचं.

‘अजून थोडा पिकू द्यावा का’ आणि ‘पावसाळ्यात डोळ्याचं करू नये म्हणतात’ हेही तुम्ही विचारलंत. दोन्ही जुन्या पद्धतीच्या गोष्टी. पूर्वी मोठी चीर देऊन मोतीबिंदू अख्खा काढायचे, तेव्हा तो पिकलेला असला की सोपं जायचं. १९६७ मध्ये चार्ल्स केलमन या अमेरिकन नेत्रतज्ज्ञांनी दंतवैद्याच्या यंत्रावरून सुचलेली ध्वनिलहरींची पद्धत आणली. तिला आपण फेको म्हणतो. तिच्यात मोतीबिंदू आतल्या आत विरघळवल्यासारखा बारीक करून ओढून घेतात. जितका कडक मोतीबिंदू, तितक्या जास्त लहरी आणि तितका बुबुळाच्या आतल्या पेशींना त्रास. त्यामुळे पिकवण्यात काही मिळत नाही. तुमचा नंबर सहावर गेला तोसुद्धा मोतीबिंदूचा गाभा कडक होत चालल्यामुळेच. आणि पावसाळ्यातही आम्ही रोज ऑपरेशनं करतो.

तयारीसाठी आता घराकडे वळू.

आधी थेंब. ऑपरेशननंतर चार ते सहा आठवडे थेंब टाकायचे असतात. सुरुवातीला दिवसातून बऱ्याच वेळा, मग दर आठवड्याला कमी. हे वेळापत्रक रुग्णालयाच्या कागदावर बारीक अक्षरात असतं आणि तो कागद तिसऱ्या दिवशी सापडत नाही. तुमच्या भिंतीवर कालनिर्णय असेलच. त्यातल्या प्रत्येक तारखेच्या चौकोनात त्या दिवशी किती वेळा, हा आकडा लाल पेनाने लिहून टाका. दुधाच्या हिशेबाशेजारी तो आकडा रोज नजरेस पडतो. दोन बाटल्या असतील तर एकीला रबरबँड लावा, म्हणजे एका डोळ्याने अंधुक दिसत असतानाही हाताला ओळखू येईल. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर हवं, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं. पांढरं, दुधासारखं औषध असेल तर बाटली नीट हलवून घ्या. नाहीतर औषध तळाशी राहतं आणि डोळ्यात नुसतं पाणी जातं.

थेंब टाकण्याचा सराव आतापासून करा. डॉक्टरांना विचारून साधे कोरडेपणाचे थेंब आणा. आरामखुर्चीत मान मागे टेका, खालची पापणी बोटाने खाली ओढा म्हणजे छोटीशी खोबण होते, छताकडे बघा आणि एकच थेंब त्या खोबणीत. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने हलका दाबून ठेवायचा. पहिले तीन दिवस निम्मं औषध गालावर येईल. ते आताच येऊ दे. काकूंनाही एकदा टाकायला लावा, पण सगळा भार त्यांच्यावर टाकू नका. निवृत्तीनंतर पेन्शन दोघांत वाटली जाते आणि कामं तशीच राहतात, असं मी पुष्कळ घरांत बघते. ऑपरेशन झालं की ती आणखी वाढतात, आणि तुमच्याकडे तर दहाव्या दिवशी पाहुणेही आहेत.

दुसरा सराव उताणं झोपण्याचा. वीस मिनिटं, पातळ उशीवर, चेहरा न हलवता, तोंडावर पातळ सुती कापड घेऊन. ज्यांना खोकला आहे, पाठ दुखते, जीव घुसमटतो, त्यांना हे घरीच कळलेलं बरं. तुम्हाला प्रोस्टेटचा त्रास आहे, तेव्हा आत जाण्याआधी लघवीला जाऊन या. टेबलावर घाई लागली की माणूस हलतो. खोकला येतोय असं वाटलं तर आधी सांगायचं, आम्ही हत्यारं बाहेर काढून थांबतो. त्यात संकोच नको.

आदल्या दिवशी डोक्यावरून अंघोळ करा, दाढी करा, नखं कापा. केस वाढले असतील तर कापून घ्या, कारण पुढचे दहा-पंधरा दिवस डोक्यावर पाणी घ्यायचं नाही. सदरा पुढे बटणं असलेला घाला, डोक्यातून काढायचा नको. कानाचं यंत्र असेल तर न्यायचं का ते विचारा, कारण टेबलावर आमचं बोलणं तुम्हाला ऐकू यायला हवं.

ऑपरेशनबद्दल कमीच सांगते, कारण त्या दिवशी करायचं ते आम्ही करतो. डोळ्यात तपकिरी जंतुनाशक थेंब पडतील, ते थोडे झोंबतील, पण जंतुसंसर्ग टाळण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. वर झगझगीत उजेड, गार पाण्याचा स्पर्श, यंत्राचा आवाज. दहा ते वीस मिनिटं. संध्याकाळी घरी. रिक्षाने आलात आणि खड्ड्यांतून गचके बसले तरी आतलं भिंग हलत नाही. हा प्रश्न मला ठाण्यात प्रत्येक दुसरा माणूस विचारतो.

त्यानंतर रात्री झोपताना आठवडाभर तरी डोळ्यावर प्लास्टिकची वाटी लावायची, म्हणजे झोपेत हात गेला तरी डोळा चोळला जाणार नाही. तोंड ओल्या रुमालाने पुसायचं. वाकून जड काही उचलायचं नाही. वाचन, टीव्ही, घरात आणि सपाट रस्त्यावर चालणं या सगळ्याला मोकळीक आहे. डोळा ‘वापरल्याने’ खराब होत नाही. बाहेर पडताना काळा चश्मा लावा. घोडबंदर रोडवर जी धूळ उडते, तिच्यात पहिला आठवडा जाऊच नका.

आता नीट वाचा. ऑपरेशननंतर थोडी खुपखुप, पाणी, हलकी लाली हे चालतं आणि ते दिवसागणिक कमी होतं. कमी होत असलेलं दुखणं अचानक वाढलं, लाली वाढली, आणि काल दिसत होतं त्यापेक्षा आज अंधुक दिसायला लागलं, तर त्याच तासाला फोन करायचा आणि जायचं. रविवार असो, रात्र असो. डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग फार क्वचित होतो, पण झाला तर बहुतेकदा पहिल्या आठवड्यात होतो आणि त्यात काही तासांनीसुद्धा फरक पडतो. दुसरं, डोळ्यासमोर विजेसारखं चमकणं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटणं. मागचा पडदा सुटण्याची ही लक्षणं आहेत. उणे नंबरवाल्यांत हा धोका जास्त असतो आणि तो पुढची काही वर्षं लक्षात ठेवायचा. दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. पडदा सुटताना दुखतच नाही. रुग्णालयाचा रात्रीचा नंबर कालनिर्णयवरच लिहा आणि मित्र आले की त्यांनाही दाखवा.

दहाव्या दिवशी तुम्ही एकदम ठीक असाल. काळजी वाटते ती नेमकी त्याचीच. दिसतंय, दुखत नाही, मित्र आलेत, गप्पा रंगल्यात, आणि दुपारचे थेंब राहून जातात. आतली सूज मात्र अजून उतरत असते. म्हणून तिघांपैकी एकाकडे हे काम सोपवा. जो सगळ्यात शिस्तीचा असेल त्याच्या मोबाइलमध्ये गजर लावा. मित्राच्या आजारपणात आपण नुसते बसून होतो, हे कुणालाच आवडत नाही. त्यालाही बरं वाटेल.

गाद्या, उशा, पांघरुणं माळ्यावर किंवा दिवाणात असतील तर ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी खाली काढून ठेवा. पाहुण्यांच्या बॅगा तुम्ही उचलायच्या नाहीत. बसस्टँडवर आणायला जायचा हट्ट नको, आणि स्कूटर तर नकोच, डॉक्टरांनी डोळा तपासून परवानगी देईपर्यंत. मिसळ तुमच्या हातची या वेळी नाही. फोडणीचा धूर, उडणारं तेल आणि तिखटाचा हात डोळ्याला लागणं, या तिन्ही गोष्टी तिच्यात आहेत. उसळ मोड आणून आदल्या दिवशी शिजवून घेण्यापर्यंत काकूंना मदत करा, कट मित्राला करू द्या आणि तुम्ही खुर्चीत बसून मीठ-मसाला सांगा. नाहीतर ठाण्यात मिसळ विकत मिळायची वानवा नाही.

एक बारीक गोष्ट सांगते, जी कुणी सांगत नाही. त्या दिवसांत तुमचा उजवा डोळा नव्या भिंगाचा आणि डावा जुन्या नंबरचा असेल. उजवा दूरला ठेवला असेल तर दोघांत साडेतीनचा फरक पडतो आणि मेंदूला दोन चित्रं जुळवता येत नाहीत. अंतराचा अंदाज चुकतो. चहा कपात ओतताना बशीत पडतो, जिन्याची शेवटची पायरी आधीच संपली असं वाटतं. चहा दुसऱ्याला ओतू द्या, जिन्याचा कठडा धरा, लिफ्ट असेल तर लिफ्ट. उजवा जवळला ठेवला असेल तर हा त्रास पुष्कळ कमी, तुमच्या बाबतीत तो पर्याय मला आवडतो त्याचं हेही एक कारण. मधल्या काळात नवा महाग चश्मा करू नका. नंबर चार ते सहा आठवड्यांनी स्थिरावतो.

पत्ते खेळा. पेटी वाजवा, भात्याने डोळ्यावर ताण येत नाही. गा, अगदी वरच्या पट्टीत. संध्याकाळी मासुंदा तलावाकाठी, तलावपाळीवर चक्कर मारा, चश्मा लावून, कोपिनेश्वराचं दर्शन घ्या, फक्त वाकून नमस्कार न करता उभ्यानेच हात जोडा आणि अंगाऱ्याची राख डोळ्याजवळ येऊ देऊ नका. गडकरी रंगायतनला नाटक लागलं असेल तर तेही बघता येईल. मधल्या वेळेचे थेंब खिशात ठेवा आणि मध्यंतराच्या गर्दीत शिरण्याऐवजी जागेवरच टाकून घ्या, हात आधी पुसून.

मित्रांना आधी कळवायची अट एकच. कुणाचे किंवा त्यांच्या घरात कुणाचे डोळे आले असतील, लाल होऊन चिकटत असतील, तर त्याने या वेळी येऊ नये. तुमचे टॉवेल, रुमाल आणि उशीचा अभ्रा वेगळे ठेवा. थेंबांची बाटली दुसऱ्या कुणाच्या डोळ्यात घालायची नाही, ‘जरा खाजतोय, एक थेंब टाक’ म्हणणारा एखादा निघतोच. त्यातलं स्टिरॉइड एखाद्याच्या डोळ्याचा दाब वाढवू शकतं, म्हणून तुमचाही दाब तपासायला डॉक्टर मधे बोलावतील. ती तारीख मित्रांसाठी चुकवू नका.

डाव्या डोळ्याची तारीख अजून देऊ नका. उजव्याने घरात पेपर कसा वाचता येतो, पेटीची वही कशी दिसते, रात्री रस्त्यावर कसं वाटतं, हे पंधरा-वीस दिवस बघा आणि त्याच कागदावर लिहून ठेवा. दोन डोळे आलटून पालटून झाकून पेपरचा पांढरा रंग बघा. डाव्याने तो जुन्या पुस्तकाच्या पानासारखा पिवळट दिसेल. मग तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. डाव्याचं भिंग किती अंतरासाठी ठेवायचं, हे त्यावरून ठरेल.